राजमातेचं वजन

करामा, बुरेमा संस्थान
चैत्र, शके १८५६

ती. दादास,

साष्टांग नमस्कार कागदावरच घालते. प्रत्यक्ष घातला तर उठवायला माणसं बोलवावी लागतील, आणि इथली माणसं सध्या दुसऱ्या एका बाईला उचलण्यात गुंतलेली आहेत. तिच्याबद्दल खाली लिहिते. पत्रात तुला ‘तुम्ही’ म्हणायचा रिवाज आहे हे ठाऊक आहे. पण ज्याची शेंडी मी झोपेत खुंटीला बांधली त्याला ‘तुम्ही’ म्हणायला लेखणी उठत नाही.

तुझं पत्र बोटीने, आगगाडीने आणि शेवटी पोस्टाच्या सायकलीवरून पोचलं. ‘हे’ गेले तेव्हा तू लिहिलं होतंस, परत ये. मी आले नाही, आणि तू लिहिणंच सोडलंस. इतक्या वर्षांनी अक्षर पाहिलं तरी ओळखलं. तुझा ‘ळ’ अजून शेपटी वर करून पळतो. माघात तुझी साठी आहे, मांडव पडणार, शांत होणार, बहिणीने यावं असं तुझ्या मनात आहे, हे वाचून फार बरं वाटलं. त्याखाली ‘मात्र रीतीप्रमाणे’ असंही लिहिलं आहेस. म्हणजे न्हाव्यापुढे बसून, लाल आलवण नेसून. हे कळायला मला भाष्य लागत नाही. आप्पांनी दाराआडून का होईना, तुझ्याबरोबर मलाही शिकवलं. उत्तर आज देत नाही. रागावू नकोस.

तू विचारतोस, मी इथे करते काय. यांच्या दुकानाचा गाळा नि त्यातलं शिवणाचं यंत्र ठेवलं, बाकी विकलं. टेकडीवर राजवाडा आहे, म्हणजे वेताच्या कुडांची एकात एक मोठमोठी रिंगणं. अगदी आतल्या रिंगणात राजाची आई राहते. तिचे कपडे मी शिवते. तिचं नाव केबिरुंगी, पण ते घेणारं माणूस एकच उरलं आहे: तिची म्हातारी दासी बोनाबाना, आणि तीही फक्त रागावली की. बाकी सगळे ‘न्याबो’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘आईसाहेब’.

इथे राजमाता लठ्ठ असावी लागते. आपल्या कवींनी बाईची कंबर मुठीत मावेल इतकी आवळून ठेवली. इथल्या कवींना दोन हातांत न मावणारा दंड लागतो. राज्यात दूधदुभतं आहे की नाही हे बघायला गोठे कोण हिंडतो? राजमातेकडे पाहिलं की कळतं. तिने जमिनीवर पाय ठेवायचा नाही. कुठे जायचं तर वेताच्या पालखीतून, आणि भोयांनी कण्हत जायचं. ते कण्हणं हाच मुजरा. पुढचा ओरडतो, ‘अगं आई गं, हिला घातलंय तरी काय खायला?’ मागचे म्हणतात, ‘अख्खा गोठा प्यायलीय.’ आणि लोक खूश होतात.

तर ही बाई गेली दोन वर्षं वाळते आहे. हे मला माहीत आहे, बोनाबानाला माहीत आहे, आणि आता तुला. तू समुद्रापलीकडे आहेस आणि माझ्याशी बोलत नव्हतास, म्हणून तुझ्याइतका भरवशाचा माणूस दुसरा नाही.

परवा मापं घ्यायला गेले.

“मुहिंदी, किती?” तिने विचारलं. इथे मला सगळे मुहिंदीच म्हणतात, हिंदुस्थानची म्हणून.

मी आकडा सांगितला.

“हा मागच्या वेळचा.”

“मागच्याच वेळचा सांगितला, न्याबो. आजचा सांगवत नाही.”

कोपऱ्यातून बोनाबाना म्हणाली, “आजचा माझ्या दंडाएवढा असेल.”

“तुझा दंड माझ्या दुधावर झालाय,” राजमाता म्हणाली.

ते खरं आहे. तिला दूध जात नाही, आणि दूध ओतून टाकलं तर गायीला बाधतं, अशी इथली समजूत. भोपळ्याचे दुधाचे तुंबे रिकामे तर झाले पाहिजेत. म्हणून बोनाबाना पिते, आणि फुगत चालली आहे.

मिशनच्या दवाखान्यातली डॉक्टरीण येऊन गेली. आप्पांचाच आजार निघाला. लघवीला मुंग्या लागायच्या तोच. दूध बंद, घेवडा नि पालेभाजी खा, आणि रोज चाला, असं ती सांगून गेली. पाणी उकळून प्या म्हणावं इतक्या सहज.

कार्तिकात राजाच्या गादीला पंचवीस वर्षं होतात. मोठा सोहळा आहे. मयत राजाचा भाऊ काटुंगी मानकऱ्यांचा पुढारी आहे, त्याला वास लागला आहे. राजमाता आटली असं एकदा ठरलं की आसन धाकट्या सवतीकडे जातं. आसनाचं हिला काही वाटत नाही. पण गायी आसनाच्या असतात. त्या आसनाबरोबर जातात. बिहोगो नावाची गडद तांबूस गाय हिने माहेरून आणली, तिच्या लेकी-नातींचा अख्खा कळप आज उभा आहे. तो जाईल, एवढंच तिला दिसतं.

तुझी,
मथू


ज्येष्ठ

ती. दादास,

राजमाता तुझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी आहे, आणि मी तिला चालायला शिकवते आहे. आप्पांनी मला रूपं शिकवली तेव्हा त्यांना याहून कमी त्रास झाला असणार.

आतल्या रिंगणात माझी शिवणाची झोपडी आहे. मापं घेतात म्हणून तिथे पुरुष येत नाही. दुपारचं दूध झालं की सगळा वाडा आडवा होतो, तेव्हा आमची शाळा भरते. तिचे तळवे मी पहिल्यांदाच पाहिले. पाळण्यातल्या मुलाचे असतात तसे, कधी न वापरलेले. तिने ते चटकन पांघरुणाखाली ओढून घेतले. दुसऱ्या कुणी दंड झाकले असते.

“आधी कुठला पाय?” तिने विचारलं.

“कुठलाही, न्याबो.”

“असं कसं? काही तरी रीत असेल.”

“याला रीत नाही.”

“ज्याला रीत नाही असं मी आयुष्यात काही केलेलं नाही,” ती म्हणाली, आणि डावा टाकला. उजवा मात्र आला नाही. बोनाबानाने वाकून तो हाताने उचलला आणि पुढे ठेवला, तुळशीपुढचं निरांजन सरकवावं तसा.

आता खांबाला धरून झोपडीचा फेरा होतो. कधी कधी ती मधेच थांबते आणि माझ्यावर रेलते. आपला भार दुसऱ्यावर टाकायची तिला सवय आहे, पण तो टाकताना ओशाळते हे नवं.

घेवड्याचा प्रश्न जास्त बिकट निघाला. दूध पिणाऱ्याने घेवडा खाल्ला तर गायीच्या आचळाला भेगा पडतात. मी म्हटलं, तुम्ही दूध सोडलंच आहे. तर म्हणते, “मी सोडलंय हे मला माहीत. गायीला कोण सांगणार?” दादा, ही आप्पांच्या वर्गात असती तर तुझ्या पुढे बसली असती. शेवटी तिनेच निकाल दिला: शेवटचा घोट अंगातून उतरेपर्यंत थांबायचं, मग खायचं. थांबली, आणि मग मी घरून आणलेल्या घेवड्याच्या उसळीचा पहिला घास घेऊन बराच वेळ तोंडात धरून बसली. मला वाटलं, आता रडणार.

“मीठ जास्त झालंय,” म्हणाली.

काल चालता चालता माहेरचं बोलली. तळ्याकाठी तिच्या बापाचा गोठा होता. लग्नाला ती चालत आली, बिहोगोला दाव्याने धरून, आत्याबरोबर. करामाच्या पायथ्याशी पोचल्यावर आत्या भोयांना म्हणाली, आता उचला हिला. “मी मागे वळून पाहिलं. वाटेच्या धुळीत माझी पावलं उमटली होती, बिहोगोच्या खुरांच्या बाजूने. तिथून पुढे भोयांची.” एवढं बोलून ती खांबाला धरून उभी राहिली.

मला अर्जुना नदीचं पात्र आठवलं. वैशाखात पाणी उतरलं की आपण धोंड्यांवरून पलीकडे जायचो, तू पुढे, सगळे धोंडे ठाऊक असल्याच्या थाटात, आणि दर वेळी मधल्या शेवाळलेल्या धोंड्यावरून घसरायचास. राजापूर सोडल्यापासून मी एकदाही नदीत पाय घातलेला नाही. इथल्या नद्यांत मगरी असतात, हे एक कारण.

मथू


श्रावण

ती. दादास,

तिथे सणवारांची धांदल असेल. मी इथे राजमातेचे अवयव शिवते आहे. बाहू झाले, नितंब व्हायचे आहेत. हा शब्द तुला लिहायला मी लाजत नाही. मोरीपाशी उभा राहून तूच खड्या आवाजात संस्कृत श्लोक पाठ म्हणायचास, आणि आई चुलीपाशी खोकायची.

आत भरायला सावरीचा कापूस मिळतो, हलका, तांबडी छटा असलेला. त्यावर मांजरपाट, त्यावर झाडाच्या सालीचं इथलं तपकिरी वस्त्र. अडचण अशी की कापूस लोंबत नाही. माणसाचं मांस हलतं. हा जिथल्या तिथे बसून राहतो. मी दोन-दोन कप्पे करून पाहिले. बोनाबानाला नमुना म्हणून उभी केली, तर ती म्हणाली, “इतकी वर्षं हिचं उष्टं खाल्लं, आता हिचं अंगही माझ्यावरून बेतायचं?” आणि लगेच वळून विचारलं, “मागून कशी दिसते?”

“गालांचं काय करायचं?” मी विचारलं.

“तोंडात केळं धरायचं,” बोनाबाना.

“मग बोलू कशी?” राजमाता.

“तुम्हाला बोलायला कुणी बोलावलंय? दिसायला बोलावलंय.”

राजमाता हसली. शेवटी कपाळावरून कवड्यांची दाट झालर सोडायची असं ठरलं.

दुधाच्या झोपडीबद्दल तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. लग्न ठरलं की मुलीला लठ्ठ करायला तीत बसवायचे. बाहेर जायचं नाही, हलायचं नाही, तुंबा संपला की दुसरा. आत्या वेताची छडी घेऊन बसायची. मी म्हटलं, फार हाल झाले असतील. ती म्हणाली, “हाल कसले? आत्या छान गोष्टी सांगायची. छडी ती स्वतःची पाठ खाजवायला वापरायची. बाहेर मैत्रिणी गुरांमागे ओरडत जायच्या तेवढं ऐकू यायचं. मी आवाजावरून ओळखायची कोण कोण आहे. मग एकेकीची लग्नं झाली, आवाज कमी झाले.” तिला आठवण गोड लागते आणि मला ती ऐकवत नाही. आपल्या घरची दुपार, तू नि आप्पा ओसरीवर, मी दाराआड वाती वळत. ते कुणाला सांगितलं तर त्यालाही असंच वाटेल का, कोण जाणे. मला तर ती दुपार अजून हवी आहे.

राजा ठरल्या दिवशी येतो, उंबऱ्याबाहेर बसतो. विचारतो, “आई, भरलेली आहेस?” ती आतून म्हणते, “भरलेली आहे.” हा इथला नमस्कार, याला दुसरं उत्तर नसतं. काल मात्र विचारून झाल्यावरही तो उठला नाही. बराच वेळ गवताची काडी मोडत बसला. तीही आत बसून राहिली, माझा हात धरून. मग तो गेला.

मथू


आश्विन

ती. दादास,

तुझं कार्ड मिळालं. त्यात राजमातेबद्दल चकार शब्द नाही, ‘केशवपनाचे काय ठरले’ एवढंच आहे. ठरायचं आहे. सध्या माझ्या डोक्यावर केसांहून जड गोष्टी आहेत.

सोमवारी बितारिहो दुकानात आला. हा भोयांचा नाईक, खांद्यावर पालखीच्या दांडीचा घट्टा पडलेला, ओठावर कायम विडी. अंगरखा उसवलाय म्हणाला. अंगरखा उसवलेला नव्हता.

“आत सांग, मुहिंदी. आम्हाला काढलं.”

“कुणी?”

“काटुंगीने. सोहळ्याला त्याची माणसं पालखी उचलणार. आमची म्हणे वयं झाली.”

“झालीच आहेत.”

“झालीत. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.” तो यंत्राच्या चाकाकडे बघत राहिला. “बाई, आम्ही दोन वर्षं खोटं कण्हतोय. पहिल्यांदा उचलली तेव्हा वाटलं, बसायला विसरल्या. मी वाकून आत बघितलं.”

“मग कुणाला बोलला नाहीस?”

“काय बोलायचं? कण्हलो. मी कण्हलो म्हणून मागचे कण्हले.” विडी विझली होती, ती तशीच चावत राहिला. “काटुंगीच्या माणसांना हुकूम आहे. जेवढं वजन लागेल तेवढंच कण्हा.”

मी त्याच पावली वर गेले आणि सांगितलं. राजमाता ऐकत होती. आम्हाला वाटत होतं, गुपित तिघींचं आहे.

“दोन वर्षं?” तिने विचारलं. “तो पायऱ्यांपाशी एक हुंदका द्यायचा, तोसुद्धा खोटा?”

“तोसुद्धा.”

“फार छान द्यायचा,” ती म्हणाली.

मग म्हणाली, देऊन टाकते आसन. म्हणताना तिची नजर दाराबाहेर होती, गायी पाण्यावरून परतायची वेळ होती. “पण धाकट्या सवतीला गायींची नावं येत नाहीत, मुहिंदी. रंगावरून हाक मारते. ‘ए तांबडे.’ म्हणजे कळपातल्या सगळ्याच माना वर करणार.”

बोनाबाना म्हणाली, “केबिरुंगी, गप्प बस.”

कापसाला आकार असतो, वजन नसतं. पालखीच्या तळाशी काही तरी जड हवं. गुरं राखणाऱ्यांच्या वाड्यात दगड ठेवत नाहीत. दळणकांडण हे शेतकऱ्यांचं काम, त्याचा यांना विटाळ. बाहेरून दगड आणला तर दहा जण विचारतील कशाला. माझ्या शिवणाच्या पेटीत मात्र कुणी डोकावत नाही.

दादा, आईचा पाटा तुला आठवत असेल. तो मी नेला म्हणून वहिनी बोलल्या होत्या आणि तू छपराचे वासे पाहत होतास. तो आईने मला दिला होता, हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. काळा, टाकी लावलेला, दोन गड्यांनी मुंबईच्या धक्क्यावर उचलताना मला शिव्या दिल्या होत्या. आज तो धुऊन उन्हात ठेवला आहे. हळदीचा वास जाता जात नाही.

मथू


कार्तिक

ती. दादास,

तुझ्या नव्या कार्डावर पहिला प्रश्न वपनाचाच आहे, पण खाली वेगळ्या शाईने लिहिलं आहेस, ‘भोयांचे पुढे काय झाले?’ सांगते.

पाटा, वरवंटा आणि माझी कोळशाची इस्त्री असा ऐवज पेटीतून आत नेला. पालखीच्या तळाशी पाटा, त्यावर गवत, त्यावर बिबट्याचं कातडं. राजमातेला कापसाचे अवयव चढवले, झालर सोडली. ती एकदाच म्हणाली, “बाई, ही कोण?”

काटुंगीची माणसं आली. दांडगी, तेल लावलेली. काटुंगी स्वतः दांडीपाशी उभा, हातात भाला, चेहऱ्यावर दुखवट्याला आल्यासारखी तयारी. आतली बाई कापसाची आहे अशी खातरी असल्यामुळे त्यांनी एका झटक्यात उचललं. पुढचा जो उठायला गेला तो उठलाच नाही. मागच्यांनी उचललं, पुढच्याचा गुडघा टेकला, पालखी कलली, आणि त्याच्या तोंडून असा शब्द निघाला की तो लिहायला मला शिवीकोश लागेल. त्यात त्याची आई होती, काटुंगीची होती आणि अख्खी गोमाता होती.

मग लोक जे ओरडले. असं कण्हणं त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. बायका जिभा घोळवत किलकाऱ्या देऊ लागल्या, एका म्हाताऱ्याने आपली काठी हवेत फेकली. पालखी तिरकी होत, सावरत, खऱ्या घामाने चालू लागली.

वरून झालरीमागून राजमातेचा आवाज आला: “काटुंगी, तुझी माणसं उपाशी आहेत का? मला कळवायचं होतंस. दूध पाठवलं असतं.”

काटुंगीने पालखीकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. भाला टेकून खाली वाकला. नाइलाज होता की काय, सांगता येत नाही. पण वाकला, आणि सगळ्यांदेखत.

बितारिहो माझ्या शेजारी गर्दीत उभा होता. त्याला आनंद झाला असेल असं तुला वाटेल. तो म्हणाला, “ओरडणं वेगळं, कण्हणं वेगळं. या लोकांना गळाच नाही.”

मग फोटो. शहरातून सालदान्हा नावाचा गोवेकर त्याची तिपाई घेऊन आला होता. काळ्या फडक्यात डोकं घालून मला म्हणाला, “बाय, तेका सांग, हालू नको म्हणून.” मी म्हटलं, ती जन्मभर हाललेली नाही, तू आपलं बघ. फोटो झाल्यावर डोकं बाहेर काढून म्हणाला, “असलं गिऱ्हाइक मेळूक नाय.”

गायी पुढून गेल्या, नावं पुकारली गेली. बिहोगोचा वंश गेला तेव्हा झालर थोडी हलली. ते फोटोत आलेलं नाही.

पाटा मी परत आणला. इस्त्रीची मूठ मोडली.

मथू


पौष

ती. दादास,

सोबत माझा फोटो पाठवते आहे. पदर कपाळावर ओढलेला आहे. सालदान्हा म्हणतो, यात डोक्यावर केस आहेत की नाहीत हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आलवण नाही, पण फोटोत सगळेच रंग काळे येतात. मांडवात पहिल्या रांगेत, वहिनींच्या शेजारी ठेव. रीतीत कुठे कमी पडणार नाही, आणि ही फोटोतली जेवायलाही बसणार नाही. मी स्वतः येणार नाही, दादा. केस राखून ये म्हणालास तर मात्र पहिल्या बोटीने येईन, आणि तुला धोंड्यांवरून पलीकडे नेईन. तुझ्या पायाच्या बोटांना मुंग्या येतात असं तू परवाच्या कार्डात लिहिलंस; आप्पांचंही तसंच सुरू झालं होतं. मिशनच्या डॉक्टरणीने सांगितलेलं तूही कर. फेऱ्या मार, ओसरीवर का होईना.

ही युक्ती माझी नाही, राजमातेची. आणि तिला ती कशी सुचली ते सांगते.

सोहळ्याचा तिचा फोटो छापून गावोगाव गेला. मानकऱ्यांच्या चावड्यांत, मिशनच्या शाळेत, तुरुंगाच्या दारावर, माझ्या दुकानातही. पालखीत बसलेला तो डोंगर, कवड्यांच्या आड. पोरं बोट दाखवून म्हणतात, ही आपली राजमाता. महिन्याभरात असं झालं की राजमाता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तेच चित्र येतं, दुसरं येतच नाही. हे पहिल्यांदा तिच्याच ध्यानात आलं. म्हणाली, “मुहिंदी, ती आता सगळीकडे बसली आहे. मग मी इथे कशाला बसू?”

काल दुपारी बोनाबाना तिचं पांघरूण घेऊन तिच्या जागी निजली. आता देहाने ती अगदी शोभते, आणि घोरण्यात म्हणे ती पहिल्यापासूनच वरचढ. राजमातेला मी माझं जुनं लुगडं गुंडाळलं, हातात काठी दिली. आम्ही फाटकाशी आलो. पहारेकऱ्याच्या डोक्यावर फोटो टांगलेला होता.

“ही कोण?” त्याने विचारलं.

“माझ्याकडे काजं-बटणं करते.”

त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हिला काही खायला घाल, मुहिंदी. वाऱ्याने उडेल.”

फाटकाबाहेर गेल्यावर ती थांबली. मला वाटलं, अपमान लागला. ती वहाणा काढत होती. धुळीत दोन्ही पाय ठेवून उभी राहिली आणि खाली बघत राहिली. मग चालू लागली, हळू, पण मला न धरता. उतारावर मीच मागे पडले.

पाण्याच्या चिखलमातीच्या द्रोणींपाशी कळप उतरत होता. नवा गुराखी आहे, दक्षिणेकडून आलेला, तोंडाने तिखट. राजमाता जवळ जाताच त्याने काठी आडवी घातली.

“ए म्हातारे, बाजूला हो. अनोळखी माणसाला बुजतात. न्याबोंच्या गायी आहेत.”

ती बाजूला झाली. एवढ्या तत्परतेने मी तिला काही करताना पाहिलं नव्हतं.

“त्या वाकड्या शिंगाच्या गायीचा मागचा पाय दुखतोय,” ती म्हणाली.

“तुला काय कळतंय? तोंडाला घेवड्याचा वास येतोय. शेतकऱ्याची ना तू?”

“हो.”

त्याने तरी वळून त्या गायीचा खूर उचलला. आत काटा होता. तो वाकून काटा काढू लागला. तेवढ्यात तिचं वासरू आईकडे झेपावलं आणि द्रोणीतलं पाणी सांडायला लागलं.

“उभीच आहेस ना नुसती,” तो मान वर न करता ओरडला. “धर की त्याला.”

दादा, तिला आजवर कुणी काम सांगितलं नव्हतं. तिने काठी माझ्या हातात दिली, चिखलात उतरली आणि वासराच्या गळ्यात हात घातला. ते ओढ घेत होतं, तीही ओढली जात होती, घोट्यापर्यंत रुतलेली. काटा निघाला. गुराखी म्हणाला, सोड आता. तिने ऐकू न आल्यासारखं केलं.

तुझी,
मथू